विस्तव जांभळीच्या माळावर न्यावा

मी, भागोजी नावजी झोरे, वय रेशनकार्डाप्रमाणे बहात्तर आणि आईच्या हिशेबाने पंचाहत्तर, धंदा म्हशी राखणे, जात गवळी धनगर, राहणार धनगरवाडा, उंबरसडा, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझी बुद्धी जागेवर आहे. तसा खालच्या गावच्या डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्या वारी त्यांचा दवाखाना बंद असायला हवा होता हेही सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच सही केली.

हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. मुलगा म्हणाला लिहूच नका. वकील म्हणाले लिहा, पण असं लिहू नका. मुलगी म्हणाली, "आबा, काय लिवायचं त्ये लिवा, पर धारा काढायच्या आत उरका." तिघांचंही ऐकून घेतलं आणि मला हवं तसं लिहितो आहे. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही, आणि पुन्हा करायला आयुष्य उरेल असं दिसत नाही, तेव्हा हेच शेवटचं धरावं.

माझे वारस पुढीलप्रमाणे. पत्नी रंगुबाई अकरा वर्षांपूर्वी वारली. मुलगा मानसिंग सांगलीत विश्रामबागेत दूध-दह्याचं दुकान चालवतो. हे नाव आमच्या वाड्यावर आधी कोणाचं नव्हतं. मी पलटणीत असताना आमच्या सुभेदारांचं होतं, ते मी घेऊन आलो. अक्षर आणि हे नाव, एवढीच माझी पलटणीतली कमाई. त्याची बायको रेश्मा, मुलगी मयूरी. माझी मुलगी शालूबाई नवरा वारल्यावर माघारी वर आली आणि तेव्हापासून म्हशी, नाचणी आणि मी, असे तिघे तिच्या ताब्यात आहोत.

कलम १. सोप्या वस्तू आधी वाटून टाकतो, म्हणजे अवघड गोष्टीला निवांत बसता येईल.

पलटणीतली पत्र्याची पेटी मानसिंगला द्यावी. तिचं कुलूप बिघडलेलं आहे, पण तो शहरात राहतो, त्याला दुरुस्त करणारा सापडेल. ट्रान्झिस्टरही त्यालाच. सड्यावर तो सगळी स्टेशनं धरतो, सांगलीत धरेल की नाही मला सांगता येत नाही.

रंगुबाईची घोंगडी मयूरीला द्यावी. ती धुवायची नाही. मयूरी कॉलेजात जाते, तिला वास येईल. येऊ दे. तो तिच्या आजीचा वास आहे.

डेरा आणि ताक घुसळायची रवी शालूबाईला, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात ती रवी नीट फिरत नाही. माझा मोठा कोयता शेजारी अर्जुना बमू शेळके याला. तो त्याने आधीच नेलेला आहे, तेव्हा फक्त परत मागू नये.

कलम २. म्हशी सगळ्या शालूबाईच्या. अट एकच. भिंगरी नावाची जी म्हातारी म्हैस आहे ती विकू नये. ती दूध देत नाही, शिंगाने दार ढकलते आणि मला सोडून कोणालाही जुमानत नाही. पण ती पुढे चालली की बाकीच्या मुकाट मागून जातात. तिच्याकडे अजून एक काम आहे, ते शेवटच्या कलमात लिहिलं आहे.

पोस्टात माझ्या नावावर थोडी शिल्लक आहे. आकडा लिहीत नाही, कारण आकडा दिसला की माणसं पुढचं वाचत नाहीत. ती शालूबाईने मुंबईच्या कोर्टात जाण्यायेण्याला वापरावी.

कलम ३. घर. कारवीच्या कुडाचं, वर गवताचं छप्पर, शेजारी गोठा. हे घर मी कोणालाही देत नाही. का ते पुढे कळेल.

कलम ४. उंबरसड्याचा दावा. ही माझी सगळ्यात मोठी मिळकत, आणि ती कुठल्याही सातबाऱ्यावर नाही. म्हणून ती नीट समजावून सांगावी लागते.

उंबरसडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट रान. त्यावर आमच्या घराण्याच्या राहण्याच्या जागा तीन: खालचा माळ, जांभळीचा माळ आणि वाऱ्याचा माळ. एका माळावर आम्ही दहा-बारा वर्षं राहतो. गवत विटलं, झरा गढूळ झाला किंवा घरातलं मोठं माणूस गेलं, की पुढच्या माळावर जातो, आणि तिन्ही झाले की फिरून पहिल्यावर येतो. जाताना चुलीचे दगड जागेवर ठेवतो आणि चुलीतला विस्तव मडक्यात घालून नव्या जागी नेतो. पणजोबांच्याही आधीपासून तो विस्तव विझलेला नाही, असं माझी आई सांगायची. मधे एका पावसाळ्यात विझला होता आणि तिने गुपचूप काडेपेटीने पेटवला, हेही तिनेच मरताना सांगितलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सड्यावर कोणी "माझं रान" असं म्हणत नाही. रान वाघजाईचं. लहानपणी मी एकदा म्हटलं, तर आजीने तोंडात मारली आणि देवीपुढे नाक घासायला लावलं. म्हैस माझी म्हणायला हरकत नव्हती, कोयता माझा म्हणायला हरकत नव्हती. रान माझं म्हणायचं नाही, एवढं कळायला लागल्यापासून अंगात मुरलेलं.

१९७९ साली सड्यावर सरकारी खांब रोवले गेले आणि उठून जाण्याची नोटीस आली. तेव्हा माझ्या बापाने, नावजीने, साताऱ्याच्या सुमंत वकिलांना धरून दावा लावला. सरकारचं म्हणणं, ही पड जमीन सरकारी आहे. आमचं म्हणणं, आम्ही पिढ्यानपिढ्या इथे राहतो, आम्हाला हलवू नये.

बाप साक्षीला उभा राहिला तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. आधी त्याच्याकडून ईश्वराची शपथ म्हणून घेतली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. पाठोपाठ सरकारी वकिलांनी विचारलं, "नावजी, ही जमीन तुमच्या मालकीची आहे का?"

बाप म्हणाला, "न्हाई, साहेब."

सुमंत वकील ताडकन उठून उभे राहिले. बापाने हात जोडले आणि पुढचं सांगितलं, "रान वाघजाईचं हाय. आमी राखणदार."

खालच्या कोर्टाने पहिलं वाक्य धरलं. निकालात आलं की जमीन आपली नाही अशी कबुली वादीने स्वतःच शपथेवर दिली आहे. शिवाय हे लोक एका जागी राहत नाहीत, आज या माळावर तर उद्या त्या माळावर, म्हणजे कायमचा ताबा कुठेच नाही. सरकारी वकिलांनी असाही मुद्दा काढला की आदिवासींच्या यादीत या जमातीचं नाव नाही, त्यामुळे आदिवासींना मिळणारं संरक्षण यांना लागू नाही. आम्ही कोण हे आम्हाला सोडून बाकी सगळ्यांना ठरवायचं होतं. दावा फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर मी बापावर फार चिडलो. म्हटलं, "दादा, येकडाव माझं म्हणला असता तर काय बिघडत हुतं?"

तो म्हणाला, "देवाची शपथ घालाया लावली की रं मला. शपथ घिऊन खोटं बोलू?"

 

सुमंत वकिलांनी साताऱ्याला अपील केलं. ते मला म्हणाले, "भागोजीराव, एक गोष्ट ऐका. निकाल लागेपर्यंत जागा सोडू नका. हललात की ताबा सुटला म्हणतील." त्यांचा सल्ला कायद्याने बरोबर होता. आम्ही ऐकला. दावा लागला तेव्हा ज्या खालच्या माळावर होतो, त्याच माळावर आजही आहोत.

बाप वारला तेव्हा रिवाजाप्रमाणे विस्तव न्यायला हवा होता. नेला नाही. वर आणखी एक घोटाळा झाला. आमच्यात घरातलं मोठं माणूस गेलं की घरचं कोणी पाऊस सरेपर्यंत सडा उतरत नाही. बाप ज्येष्ठात गेला. आम्ही रीत पाळत वर बसलो, आणि वादी मरण पावल्यापासून नव्वद दिवसांत वारसाचं नाव कोर्टात लावावं लागतं हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. दसऱ्याला मी खाली उतरलो तेव्हा वकिलांनी कपाळाला हात लावला. उशिराची माफी मागणारा अर्ज करावा लागला. न्यायाधीशांनी मला विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?" मी म्हटलं, "साहेब, जिथं हाय म्हणून दावा लावलाय, तितंच हुतो." ते हसले आणि उशीर माफ केला.

पुढच्याच वर्षी रंगुबाई गेली. तिला झोळीत घालून खाली नेत होतो, अर्ध्या वाटेत संपली. तेव्हाही विस्तव नेला नाही. ज्या चुलीपुढे ती बसायची, तिच्याच पुढे आम्ही इतकी वर्षं जेवतो आहोत. शालूबाई भाकरी थापताना कधी कधी मागे वळून बघते. याचं मला दुःख आहे, आणि ते कोर्टाच्या कुठल्याही कागदावर आलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम ५. हे कलम माझ्याकडे देण्यासारखं काय आहे ते दाखवण्यासाठी आहे.

साताऱ्याच्या कोर्टाने जागा बघायला कमिशनर पाठवला. म्हणजे पाठवली. वाईच्या एक तरुण वकीलबाई, चारुलता नावाच्या. कार्तिक महिना होता, सगळं गवत पिवळं पडलेलं. बाई धापा टाकत वर आल्या, पाणी प्यायल्या, खडकावर बसल्या आणि समोर बघत म्हणाल्या, "आजोबा, ते दोन हिरवे चौकोन कसले?"

ते आम्ही रोज बघत होतो, त्यामुळे कोर्टाला दाखवण्यासारखं त्यात काही आहे हे आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी म्हटलं, "आमचे जुने गोठे हुते तितं. शेण मुरलंय. गवत काळं येतं आन उशिरा वाळतं."

बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि जांभळीच्या माळाकडे चालायला लागल्या. शालूबाईने कोयत्याने माती उकरली. वर तांबडी माती असते तिथे हातभर काळी निघाली. जरा पुढे चुलीचे तीन दगड होते, काजळी धरलेले. तसेच वाऱ्याच्या माळावर. सरकारकडून मोजणीला आलेले भाऊसो नावाचे गृहस्थ होते, त्यांनी टेप धरला, मापं सांगितली आणि पंचनाम्यावर बिनतक्रार सही केली. बाईंनी अहवालात लिहिलं की तीन जागा वेगळ्या नसून एकाच वस्तीचा फेरा आहे.

१९९४ साली निकाल आला. साताऱ्याच्या न्यायाधीशांनी बापाचं दुसरं वाक्य धरलं. ज्याने राखण करायची तो जागेवर असावाच लागतो, आणि पिढ्यानपिढ्या राखण करणारा हा पिढ्यानपिढ्यांचा कब्जेदार आहे. देवीचं नाव घेणं ही श्रद्धा झाली, ती कबुली धरता येणार नाही. यादीत नाव असो वा नसो, राहणाऱ्याची वहिवाट खोटी ठरत नाही. तिन्ही माळांवर आमचा ताबा शाबीत, आणि कायद्याचा रीतसर मार्ग सोडून आम्हाला कोणी उठवू नये. मालकीत कोर्ट शिरलं नाही. वकील त्याबद्दल थोडे नाराज होते. मला ते फार आवडलं. बाप असता तर त्यालाही आवडलं असतं.

मी निकालाची नक्कल घेऊन वाघजाईपुढे बसलो आणि बापाला मोठ्याने वाचून दाखवली. सबब-सबब एवढंच त्याला कळलं असेल.

सरकारने त्यावर मुंबईला अपील केलं आहे. ते चालू आहे. स्थगिती मिळालेली नाही, म्हणजे साताऱ्याचा हुकूम आज जिवंत आहे.

कलम ६. मानसिंगबद्दल. सरकारने मधे असं सुचवलं की दावा मागे घेतला तर सांगलीजवळ पर्यायी भूखंड मिळेल. मानसिंग फॉर्म घेऊन वर आला. म्हणाला, "आबा, सही करा. आज्जानं दावा लावला, तुमी चालवला, आता माझ्या गळ्यात नगा घालू. हितं रस्ता न्हाई, शाळा न्हाई, दवाखाना न्हाई. आई झोळीत मेली. आजून कोण मरायचं ऱ्हायलंय?"

मी त्याला ओरडलो नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. झोळीचा पुढचा बांबू त्याच्याच खांद्यावर होता. त्याला सडा दिसला की आई दिसते, हे मला ठाऊक आहे. पण रस्ता नाही म्हणून रान सोडायचं, हे मला पटत नाही. रस्ता मागायचा. आता कोर्टाने आपण इथे राहतो असं म्हटलं आहे, तेव्हा तो मागताही येईल. पूर्वी आपण अर्ज केला की उत्तर यायचं, तिथे वस्तीच नाही.

मानसिंगने स्वतःच्या हक्काने भूखंड मिळत असेल तर खुशाल घ्यावा, घर बांधावं, दारात रेश्माने तुळस लावावी. मात्र दाव्यावर सही करू नये. मी मेल्यावर त्याचं नाव दाव्यात लागलं, तर एका सहीने सगळं संपेल, आणि ती सही तो द्वेषाने करणार नाही, दमून करेल. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ७. मागच्या आठवड्यात मी आणि शालूबाई साताऱ्याला सुमंत वकिलांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी मसुदा तयार ठेवला होता. त्यात लिहिलं होतं, "माझ्या मालकीची व वहिवाटीची जमीन." मी म्हटलं, मालकीची काढा.

वकील म्हणाले, "भागोजीराव, मृत्युपत्रात जे स्वतःचं आहे तेच देता येतं. मालकी नाही म्हणालात तर देता काय? तुमच्या वडिलांनी एकदा हा घोळ घातला, तो निस्तरायला पंधरा वर्षं गेली. मुंबईच्या कोर्टात उद्या हा कागद जाईल."

मी म्हटलं, "बापाला खोटा पाडून मरायचं न्हाई मला."

ते वैतागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर वैतागले. शालूबाई दारापाशी तुपाची किटली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आवं वकीलसाहेब, एक इचारू? त्यो कोर्टाचा वाडा न्यायाधीशसाहेबांच्या मालकीचा हाय का?"

"नाही," वकील म्हणाले.

"मग त्यांच्या बापाचा हुता?"

"नाही हो."

"तरीबी खुर्चीवर त्येच बसत्यात न्हवं? त्यांना कुणी उठ म्हणतं का? त्यांच्या मागारी कोण बसायचं ह्ये ठरतंयच की. मालकी नसली म्हून काय खुर्ची रिकामी ऱ्हाती?"

 वकील म्हणाले, "शालूबाई, मुंबईला हे असंच म्हणू नका."

"मग कसं म्हणू?"

ते म्हणाले, "असंच म्हणा. फक्त जरा हळू आवाजात."

त्या क्षणी माझं ठरलं. खरं तर आधीच ठरलं होतं, पण त्या दिवशी मनातली धाकधूक गेली.

सबब, उंबरसड्यावरच्या तिन्ही माळांची जी राखण माझ्या बापाकडून माझ्याकडे आली ती राखण, तिच्यामुळे आमच्याकडे असलेला ताबा आणि वहिवाट, चालू अपील, आणि पुढे कोर्ट जे काही देईल ते, माझ्या पश्चात माझी मुलगी शालूबाई हिला मिळावं. दाव्यात माझ्या जागी तिचंच नाव लावावं. अर्जुना शेळके याने माझा दम निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सातारा गाठावा आणि सुमंत वकिलांना कळवावं. पाऊस असो, सुतक असो, रीत असो. या एका कामापुरती ती रीत मी घरातला थोरला म्हणून माफ करतो. कोयता त्याला उगीच दिलेला नाही.

वरच्या मजकुरात मालकी हा शब्द आलेला नाही. तो विसरून राहिलेला नाही, हे वाचणाऱ्या न्यायाधीशांनी ध्यानात घ्यावं.

वाड्यावरचे काही म्हणतील की लेकीच्या हातात राखण कशी द्यायची, विस्तव तर मुलगा नेतो. त्यांना सांगावं, मुलाचे हात भरलेले आहेत, त्याला सांगलीत दूध द्यायचं आहे. आणि विझलेला विस्तव काडेपेटीने पेटवून पुढे नेला तो बाईनेच.

कलम ८. जुनी भांडणं. फक्त एकच उरलं आहे. खालच्या गावचे आप्पासो. पहिल्या खेपेला ते सरकारकडून साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, हे लोक पावसापुरते वर जातात, उन्हाळ्यात सड्यावर चिटपाखरू नसतं. हे म्हणणारा माणूस आमच्या बापाच्या वेळेपासून दर चैत्रात आमच्याकडून तूप नेत होता. वरून दाब होता असं आप्पासो म्हणतात. माझ्या मते आमच्या म्हशीने त्यांचं भाताचं खाचर तुडवलं, त्याचा तो राग होता. ती म्हैस भिंगरीची आई. तिने खाचर तुडवलं होतं हे मी कबूल करतो, चांगलंच तुडवलं होतं.

आधी मी असं लिहिणार होतो की माझ्या दिवसाच्या जेवणाला आप्पासोंना पहिल्या पंगतीला बसवावं, पानात तुपाची धार धरावी, आणि हात आडवा करेपर्यंत थांबू नये. तेही करावंच, त्यांना तूप आवडतं. पण त्याआधी मला एक चांगली युक्ती सुचली. मी त्यांना आज या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. ते आत्ता गोठ्याच्या सावलीत ताक पीत बसले आहेत.

कलम ९, आणि शेवटचं. मी गेल्यावर तिसऱ्या दिवशी विस्तव जांभळीच्या माळावर न्यावा.

सुमंत वकील म्हणतील थांबा, मुंबईचा निकाल लागू द्या. त्यांचा मान राखून सांगतो, आता थांबायचं नाही. साताऱ्याच्या हुकुमात तिन्ही माळांची नावं आहेत. एका माळावरून दुसऱ्यावर गेलो तर ताबा सुटत नाही, असं कोर्टानेच लिहून दिलं आहे. हा हुकूम पेटीत ठेवायला मिळवला नव्हता. हलता यावं म्हणून मिळवला. इथलं गवत संपलं आहे, झऱ्याला चिखलाचा वास येतो, म्हशींचे खूर सडतात. एकोणीस वर्षं आम्ही कोर्टाला कळेल अशा रीतीने राहिलो. आता कोर्टाला कळलं आहे, तेव्हा आपल्या रीतीने राहावं.

विस्तव शालूबाईने न्यावा. मडकं रंगुबाईचं घ्यावं, कोनाड्यातलं. मानसिंगने यावं. तो येईल. त्याने भिंगरीला दावं न लावता पुढे सोडावं. वाऱ्याच्या माळावरून जांभळीच्या वाटेने इकडे येताना ती आईच्या पोटात होती असं मी म्हणतो आणि शालूबाई हसते, पण तिला वाट ठाऊक आहे. वाटेत मागे वळून बघितलं तरी चालेल. मयूरीला आणावं आणि चुलीचे दगड कुठे आहेत ते तिलाच शोधू द्यावं.

खालच्या माळावरचं हे घर मी कोणाला दिलेलं नाही, ते यासाठी. याचं छप्पर उतरवावं, कूड मोडावा, चुलीचे दगड ठेवावेत. जागा झाडू नये. गोठ्यातलं शेण उचलू नये. दोन पावसाळ्यांत इथे गवत येईल, आजूबाजूपेक्षा काळं. मुंबईच्या कोर्टाने उद्या कोणी कमिशनर पाठवला, तर त्यांना कार्तिकात आणावं, खडकावर बसवावं, पाणी द्यावं आणि काही न बोलता थांबावं. त्यांनी विचारलं, की हा तिसरा चौकोन कसला, तर सांगावं, हितं भागोजी राहत हुता.

वरील सर्व मजकूर मी शुद्धीत लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. आप्पासोंनी कलम आठ दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "भागोजी, ह्या सहीचा अर्थ मला कळतोय बरं का."

मी म्हटलं, "कळावा म्हणूनच बोलावलंय, गड्या."

त्यांनी तारीख नीट बघितली. जागेचं नाव बघितलं. मग ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "त्या खाचराचं लिवलंस त्ये बरं क्येलंस. आन, हिकडं दे."

सही: भागोजी नावजी झोरे

साक्षीदार:
१. अर्जुना बमू शेळके, धनगरवाडा, उंबरसडा (कोयता मिळाला)
२. आप्पासो, खालचं गाव. समक्ष वर येऊन सही केली. सड्यावर माणसं आहेत.

ठिकाण: खालचा माळ, उंबरसडा, सध्यापुरता
दिनांक: ४ मे १९९८, सोमवार, भर उन्हाळा